उन्हात पडलेलं गार बदक

खरं सांगू का, मित्रांनो? हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तोंड मिटून घेतलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडणारा, अशी ओळख कुणाला हवी असते? त्यात मी आधीच बदनाम. पण गप्प राहिलं की काय होतं, तेही मी बघितलंय. म्हणून आता सांगूनच टाकतो.

मी एक जुना आइसबॉक्स आहे. माझा रंग निळा. म्हणजे होता. औषधाच्या पाण्याने धुऊन धुऊन आता धड निळाही नाही आणि धड पांढराही नाही. माझ्या भिंती दुहेरी आहेत. मधे फेस भरलाय, तो वाळून टणक झालाय. त्यामुळे बाहेरचं ऊन आत येत नाही आणि आतला गारवा बाहेर जात नाही. झाकण लागलं की मला काहीच दिसत नाही. ऐकू येतं, हिसके कळतात, वजन कळतं. झाकण उघडलं की तेवढ्यापुरतं जग दिसतं. आता तुम्हीच सांगा, अर्ध्या वेळेला अंधारात बसून अंदाज बांधायचे म्हटल्यावर माणूस संशयी होईल की नाही? मग मी तर खोका.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा मी गरमागरम होतो. आयुष्यात तेवढाच एकदा. तिथला मुकादम माझ्यावर धपकन बसला, बसल्या बसल्या चार हिसके दिले आणि म्हणाला, "हा काही मोडायचा नाही." मी फुशारलो. दुकानात माझ्या शेजारचा भाऊ आइस्क्रीमवाल्याने नेला. दुसऱ्याला सहलीला निघालेल्या एका कुटुंबाने नेलं, त्याच्या पोटात सरबताच्या बाटल्या गेल्या. म्हटलं, आता आपली पाळी. मग एक कारकून आला. त्याने मला ऑफिसात नेलं आणि माझ्या झाकणावर लाल रंगाने लिहिलं, 'खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.'

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली.

ते ऑफिस होतं जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या आजारांचं. माझं काम होतं मेलेले रानपक्षी वाहून नेण्याचं. तळ्याकाठी, माळावर, कुणाच्या गच्चीत पक्षी मरून पडला की लोकांनी फोन करायचा. आमच्या माणसाने जाऊन तो उचलायचा आणि तपासणीला पोचवायचा. कशासाठी? तर काही आजार आधी रानपक्ष्यांत येतात, मग पाळलेल्या कोंबड्या-बदकांत शिरतात आणि क्वचित माणसांनाही धरतात. रानपक्षी कुठे मरतायत ते वेळेवर कळलं, तर बाकीच्यांना सावध करता येतं. एवढं साधं आहे. पण लोकांना मेलेल्या पक्ष्यापेक्षा माझीच भीती जास्त.

आमचा माणूस म्हणजे ताई. चार लोकांत एकदम शांत, पण कामाला लागली की माझ्याशी बडबड करणारी. "चला राव, लागा कामाला," म्हणून मला स्कूटरच्या मागे बांधायची. तिचं काम बघत राहावं असं. आधी वारा बघायची आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. मग डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा सूट, मास्क, मोठा चष्मा, हातमोजे. मग पिशवी उलटी करून हातात घालायची, पक्षी धरायची आणि पिशवी त्याच्यावरून सुलटी ओढून घ्यायची. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. दोन्हींच्या मधे चिठ्ठी, पक्षी कुठे सापडला त्याची. मग पक्षी माझ्यात. माझ्या कडांना थंड विटा लावायची, म्हणजे पाणी गोठवलेले चपटे डबे. वीट पक्ष्याला टेकू द्यायची नाही. पक्षी गार राहिला पाहिजे, पण गोठता कामा नये. गोठला तरी तपासणी बिघडते आणि तापला तरी बिघडते. शेवटी दोन्ही तळव्यांनी माझं झाकण दाबायची. टक, टक.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाई एकदा माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाल्या, "या बॉक्सातून आलेला पक्षी कधी वाया जात नाही." त्या दिवशी मी फुगून दोन बोटं रुंद झालो असेन.

बाहेर मात्र आमची कीर्ती वेगळी. चहाच्या दुकानात ताईने मला बाकावर ठेवलं की शेजारचा विचारायचा, "काय आहे हो यात?"

"आत्ता काही नाही. सकाळी कावळा होता. मेलेला."

बाक रिकामा. ताई आरामात पाय पसरून चहा प्यायची.

आता घराकडे येतो. ताई तिच्या दादा-वहिनीकडे राहते. तळ्याच्या अलीकडच्या काठाला त्यांची कोंबड्यांची शेड आहे. त्या शेडवरच घर चालतं. दादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चिमणे, तुझी ही शवपेटी माझ्या कुंपणाच्या आत यायची नाही. सांगून ठेवतो." ते बरोबरच होतं. म्हणून ताई मला ऑफिसात धुऊन आणायची आणि रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची. तिथेच थंड विटांचा छोटा फ्रीज, तिथेच तिचे पांढरे सूट. मला पालथा घालायची, म्हणजे पाणी निथळून मी कोरडा व्हायचो. खोलीची किल्ली घरात, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली. घरात माणसं तीनच.

संध्याकाळी ताई खोलीच्या पायरीवर बसायची आणि रस्त्याच्या त्या बाजूला कुंपणाला टेकून दादा-वहिनी. गप्पा चालायच्या, त्याही ओरडून.

"चिमणे, समजा इथेच कुठे रोगाचा पक्षी सापडला, तर पुढे काय?" दादाने एकदा विचारलं.

"तर तो जिथे सापडला ती जागा मधोमध धरून नकाशावर गोल काढतात. गोलाच्या आतल्या सगळ्या शेडी तपासायच्या. तोवर अंडी नाही, कोंबडी नाही, काही विकायचं नाही."

"आणि शेडीत रोग निघाला तर?"

"तर कोंबड्या माराव्या लागतात."

"किती?"

"सगळ्या, दादा."

वहिनी म्हणाली, "चिमणे, तुझं काम आमच्या भल्याचं की वाइटाचं, तेच मला अजून कळलेलं नाही बघ."

"मलाही रोज नाही कळत, वहिनी. पण एकही पक्षी तपासणीतून सुटला नाही पाहिजे, एवढं कळतं. सुटला की सगळ्यांच्या गळ्याशी येतं."

थंडी पडली. तळ्यावर दुरून आलेली रानबदकं उतरली. आणि इथून माझी झोप उडाली.

एका दुपारी ताई ऑफिसच्या गाडीने मीटिंगला गेली होती. मी पालथा पडलो होतो. कुलूप उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी मला सुलटा केला, झाकण उघडलं. बघतो तर पांढरा सूट, मास्क, चष्मा. म्हटलं, ताई लवकर आली वाटतं. पण "चला राव" नाही, काही नाही. नुसता घाईचा श्वास. विटा लावल्या, अगदी नीट, चारी कडांना. मग डाव्या पायाचं एक नख तुटलेलं रानबदक आत आलं. दोन पिशव्यांत, तेही नीट. पण दोन पिशव्यांच्या मधे चिठ्ठी नव्हती. आणि झाकण तळव्यांनी नाही, गुडघ्याने दाबलं. धप.

ही ताई नव्हती.

अंधारात मी कान टवकारले. स्कूटरची धडधड नाही. एकच चाक, कुई... कुई... कुई. तो आवाज मी रोज रस्त्यापलीकडून ऐकायचो. शेडीतली खाद्य वाहायची एकचाकी गाडी! ती गाडी दिवसभर ढकलतो कोण? दादा. माझा संशय सरळ जाऊन दादाच्या मानगुटीवर बसला.

गाडी तळ्याच्या बांधावरून खूप वेळ चालली. मग पाळीव बदकांचा कलकलाट ऐकू आला. झाकण उघडलं. पांढऱ्या माणसाने इकडेतिकडे बघितलं, रानबदक पिशव्यांतून काढलं, गवतावर ठेवलं, रिकाम्या पिशव्या तिसऱ्या पिशवीत कोंबल्या आणि आम्ही परत. खोलीत आल्यावर मला औषधाच्या पाण्याने घाईघाईने विसळलं आणि पालथं घालायचं सोडून तसंच सुलटं ठेवलं. विटा फ्रीजमध्ये. कुलूप.

तासाभरात ताई धावतपळत आली. "हा सुलटा कसा? आणि ओला?" ती पुटपुटली. फ्रीज उघडला. "विटा पण मऊ. वीज गेली असणार." तिने दुसऱ्या विटा घेतल्या आणि मला बांधून निघाली. कुठे? त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठाला. तिथून फोन आला होता.

तिथे बदकवाले काका राहतात. सूर्य जरा लवकर मावळला तरी ज्याला संशय येतो, असा माणूस. पण मेलेला पक्षी दिसला की फोन करायला कधी चुकला नाही. त्यांची पाळलेली बदकं दिवसभर त्याच तळ्यात पोहतात.

"ताई, मघाशी आलात तेव्हाच का नाही उचललं?" काकांनी दारातच विचारलं.

"मघाशी? मी आत्ताच तर येतेय."

"बांधावरून गेलात की! पांढरे कपडे, हाच निळा खोका. मला काय डोळे नाहीत?"

"तुम्ही चेहरा बघितलात?"

"त्या पोत्यात कसला चेहरा दिसतोय? आत्ता तरी तुम्ही तुम्हीच आहात कशावरून?"

ताई हसली. काका हसले नाहीत.

बदक माझ्यात आलं. डाव्या पायाचं एक नख तुटलेलं. मी ओळखलं. मित्रांनो, हे मघाचंच बदक! एकच पक्षी एकाच दिवसात माझ्यात दोनदा. आणि मला बोलता येत नाही. पोटात आहे आणि ओठावर येत नाही, याचा अर्थ मला तेव्हा कळला.

तपासणीत त्या बदकात रोग निघाला. नकाशावर गोल निघाला, मधोमध काकांचं घर. त्यांची अंडी विकणं बंद. त्यांच्या बदकांचे नमुने घेतले, त्यात मात्र तेव्हा काही सापडलं नाही. दादाची शेड गोलाच्या काठाला, पण बाहेर.

संध्याकाळी मला पायरीवर उघडा वाळत ठेवून ताईने हे सांगितलं तेव्हा दादा बोलून गेला, "सुटलो बाबा!" मग स्वतःच चपापला. "म्हणजे, बिचारे काका." वहिनीने हातातलं सूप तसंच खाली ठेवलं आणि ती आत गेली. मी म्हटलं, बघा, नवऱ्याचं हे बोलणं तिलाही आवडलं नाही. संशयी डोक्याचं असं असतं. एकदा एका माणसावर बसलं की दुसरीकडे बघतच नाही.

काही दिवसांनी परत तेच. दुपार, गुडघा, कुई कुई, बांध. परत काकांचा फोन. पण या वेळी काकांचा सूर बदलला होता.

"ताई, राग येऊ द्या नाहीतर नका येऊ देऊ, मी तोंडावर बोलतो. तुमचा खोका बांधावर दिसतो आणि मागोमाग माझ्या दारात मढं सापडतं. आधी माझा धंदा बुडवलात. आता काय उरलंय?"

"काका, मी कशाला असं करीन?"

"ते मला काय माहीत? पक्षी सापडले नाहीत तर तुमची नोकरी काय कामाची? पुढच्या वेळी मी फोन करीनच असं समजू नका. खड्डा खणीन आणि गप्प बसेन."

ताईने माझं झाकण उघडलं तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. त्या तळ्याची खबर देणारा तो एकच माणूस होता. तो गप्प बसला असता तर तळ्यावर काय चाललंय ते कुणालाच कळलं नसतं.

ती बदकापाशी बसली. ऊन मी म्हणत होतं. गवतही तापलेलं. तिने पिशवीतून बदक धरलं आणि तिचा हात तसाच थांबला.

"काका, हे इथे कधीपासून आहे?"

"सकाळी नव्हतं."

"उन्हातच होतं?"

"उन्हातच की! सावली आहे का इथे कुठे?"

"मग हे गार कसं?"

काका पुढे सरकले. ताईने त्यांना हाताने तिथेच थांबवलं. दोन हातमोजे आणि एक पिशवी, तरी तिच्या बोटांना ते गार लागत होतं. आतून गार. जसे पक्षी फक्त माझ्यातून निघतात तसे. तिने हळूच वळून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही बरोबर काम केलं, पण तशी नजर तिने माझ्यावर कधी टाकली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका," ती म्हणाली, "फोन करणं बंद करू नका. मला थोडा वेळ द्या. पाणी कुठे मुरतंय ते मला कळलंय बहुतेक."

बदक पोचवून ती घरी आली ती तडक. मला झाकण उघडं टाकून पायरीवर ठेवलं आणि कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "दादा, बाहेर ये."

दादा आला, मागून वहिनी.

"माझा बॉक्स कोण वापरतंय?"

"तुझी शवपेटी? अंगणात आणू देत नाही मी ती, वापरतो कशाला!"

"किल्ली घरात असते. खाद्याच्या गाडीच्या चाकाचा माग बांधावर आहे, मी आत्ता बघून आले. काकांच्या दारात पक्षी नेऊन कोण टाकतंय, दादा?"

"माझ्यावर संशय घेतेस? तुला शिकवलं, मोठं केलं, ते यासाठी?"

"शेडीसाठी तू काहीही करशील. मी ओळखते तुला."

"हो, करीन! पण मेलेल्या पक्ष्याला हात लावायची मला किळस येते, ते पण ओळखतेस ना? लहानपणी साधी चिमणी मेली तरी तूच पुरायचीस, मी पळून जायचो!"

ताई एक पाऊल मागे सरली. ते खरं असावं.

"मी नेले," वहिनी म्हणाली.

दोघंही वळले. मीसुद्धा वळलो असतो.

"कुंपणाबाहेर, शेडीमागच्या चरात पडले होते. दोन्ही वेळा." वहिनीचा आवाज अगदी खाली गेला होता. "पुरून टाकता आले असते. पण तूच म्हणतेस, एकही पक्षी तपासणीतून सुटायला नको. म्हटलं, तुझ्या कामाशी बेइमानी नको. आणि तूच म्हणालीस, जिथे सापडतो तिथे गोल काढतात. मग म्हटलं, सापडू दे. पण तिकडे सापडू दे."

"वहिनी..."

"मी सगळं तुझ्यासारखं केलं. सूट घातला. वाऱ्याकडे पाठ केली. दोन पिशव्या घातल्या. बर्फ अंगाला लागू दिला नाही. बिघडू दिला नाही मी तुझा पक्षी."

दादाने कपाळावर हात मारला. "आणि मी मूर्ख, 'सुटलो बाबा' म्हणत बसलो."

"अगं, बिघडू दिला नाहीस," ताई म्हणाली. तिच्या तोंडून हसू आणि रडू एकदमच आलं. "पण नेऊन टाकलास कुठे? काकांच्या बदकांच्या तोंडाशी. उघडा! ती बदकं चोच मारतात सगळ्याला. पोत्यातला साप शेजाऱ्याच्या अंथरुणात सोडल्यासारखं झालं हे."

"हे नव्हतं माझ्या डोक्यात." वहिनीने तोंडावर पदर धरला. "मला फक्त आपली शेड दिसत होती."

मग ताईने फोन काढला.

"कुणाला करतेस?" दादाने विचारलं.

"डॉक्टरबाईंना. पक्षी खरे कुठे सापडले ते सांगायला."

"म्हणजे तू आपल्याच घरावर गोल काढणार?"

"हो."

"चिमणे, सगळ्या कोंबड्या जातील. हे घर जाईल."

"कदाचित जाईल. पण काका गोलात बसलेत आणि आपण बाहेर, हे ठाऊक असून मी रोज काय तोंडाने कामाला जाऊ? दादा, तू म्हण, नको करू. म्हणून बघ. तुला म्हणवतंय का?"

दादाने मान वळवून शेडीकडे बघितलं. वहिनीच पुढे झाली. "लाव फोन," ती म्हणाली. "माझं नाव सांग. तुझ्यावर काही घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सूटवाल्यांची अख्खी टोळी आली. कोंबड्यांच्या घशातून नमुने घेतले आणि ते न्यायला मीच होतो. दादा शेडीबाहेर उकिडवा बसून प्रत्येक कोंबडीचं ओरडणं ऐकत होता. वहिनीला डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि ताप येतो का ते बघायला वेगळ्या खोलीत ठेवलं. ताप आला नाही. तिने सूट नीट घातला होता, एवढं खरं.

तपासणीची उत्तरं आली. दादाची शेड बंदिस्त, जाळीची. त्याच्या एकाही कोंबडीत रोग निघाला नाही. विक्री थांबली, हाल झाले, पण कोंबड्या वाचल्या.

काकांच्या बदकांत मात्र या वेळी रोग निघाला.

त्यांची सगळी बदकं गेली. त्या दिवशी ताईने मला तिकडे नेलं नाही. नेलं असतं तर बरं झालं असतं, असंही मला वाटत नाही.

मग एका सकाळी वहिनी ताईबरोबर स्कूटरवर मागे बसली, मला मांडीवर घेऊन. इतक्या प्रेमाने मला कुणी धरलं नव्हतं. ते प्रेम होतं, की माझ्या आडून तिला तोंड लपवायचं होतं, देव जाणे. काकांच्या दारात ती उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. झाकण बंद होतं, मी नुसतं ऐकत होतो. रिकाम्या अंगणात इतकी शांतता होती की माझ्यातली वीट वितळताना मला ऐकू येत होती.

शेवटी त्यांनी ताईला विचारलं, "माझी बदकं यांच्या टाकलेल्या पक्ष्यांनीच गेली का?"

"नक्की सांगता येत नाही, काका. डॉक्टरबाई म्हणतात, तळ्याच्या पाण्यातूनही आला असेल. रानबदकं तिथे उतरतातच. पक्षी जिथे पडले तिथून उचलले असते, तर रोग कुठून कुठे सरकला त्याचा माग काढता आला असता. आता तो माग पुसला गेला."

"म्हणजे कधी कळणारच नाही?"

"नाही."

"मग मी आयुष्यभर कुणावर संशय घेऊ? पाण्यावर की या बाईंवर?"

तेव्हापासून वहिनी रोज सकाळी बांधावरून काकांकडे जाते, त्यांची रिकामी खुराडी झाडते, चुन्याने सारवते. काका तिच्याशी बोलत नाहीत. पण तिच्यासाठी खराटा दाराबाहेर काढून ठेवतात.

आणि त्यांनी फोन करणं बंद केलं नाही. पुढच्याच थंडीत एक मेलेला बगळा दिसला आणि त्यांनी ताईला बोलावलं. ताईने मला खाली ठेवलं तेव्हा काकांनी खिशातून एक पितळी कुलूप काढलं. "हे याला लावायचं," ते म्हणाले. "किल्ली तुमच्याकडे, घरात टांगायची नाही. आणि कुणाचाही पक्षी उचलायच्या आधी खोका त्याच्यासमोर उघडायचा. आत काय आहे ते त्याला बघू द्यायचं. मगच हात लावायचा."

मला वाटलं, ताईला हे लागणार. ती म्हणाली, "बरोबर आहे, काका. हे आधीच सुचायला हवं होतं." तेव्हापासून ती जिथे जाते तिथे आधी झाकण उघडून उभी राहते आणि म्हणते, "या, बघून घ्या." लोक लांबून माना उंचावतात, बघतात. आणि गंमत म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त फोन येतात.

मित्रांनो, मी काही शहाणा खोका नाही. मी दादावर संशय घेतला आणि चुकलो, वहिनीकडे तर बघितलंही नाही. पण एक गोष्ट विनवून सांगतो. मेलेला पक्षी दिसला तर त्याला हात लावू नका. तो पुरू नका, ढकलू नका, आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात तर मुळीच सरकवू नका. आहे तिथे राहू द्या आणि मोठ्यांना सांगून फोन करायला लावा. आलेल्या माणसाचा संशय आला तर खुशाल विचारा, "उघडून दाखवा." आम्हाला राग येत नाही.

म्हणजे मला येत नाही. कुलपाला येतो. नवा आहे अजून, तिरका बोलतो. माझ्या कडीला लटकून परवा म्हणाला, "मी तुझ्यावर आहे याचा अर्थ तुझ्यावर कुणाचा विश्वास नाही. तुला काहीच वाटत नाही?"

मी म्हटलं, "हे बघ मित्रा, तुझ्या किल्लीशिवाय मला कुणी उघडायला आलं, मग ते घरातलं असो, ओळखीचं असो, रडत आलेलं असो, तर तू घट्ट धर. आणि तुलाही तोडलं, तर मी माझं झाकण असं फाटू देईन की ताईला लांबूनच दिसेल. गुपचूप उघडून गुपचूप मिटणं आता माझ्याकडून होणार नाही. हा तुला दिलेला शब्द."